देव निघाले त्या गावांत: गोव्याच्या इगर्जींचा पावसाळी फेरा

आमचं कुलदैवत श्रीमंगेश. त्यामुळे गोवा म्हटलं की आमच्या घरात समुद्र आठवत नाही, फोंड्याची वाट आठवते. माझी आत्या वर्षातून एकदा तरी मुंबईहून मंगेशीला जाते, अभिषेक करते, कवळ्याला शांतादुर्गेची ओटी भरते आणि परतीच्या गाडीत बसते. या देवळांच्या इतिहासात एक ओळ ठरलेली असते: मूळ स्थान कुशस्थळी, मूळ स्थान केळशी, मूळ स्थान लोटली, मूळ स्थान वेर्णे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या मुलखातून देव नदीपलीकडे नेले, गावं मागे राहिली. त्या गावांत आता काय आहे, हे आमच्यापैकी कुणी कधी जाऊन पाहिलं नव्हतं. नकाशा उघडला तर उत्तर समोरच होतं. त्या गावांत आज जुन्या, मोठ्या इगर्जी, म्हणजे चर्चं, उभी आहेत.

आत्याला म्हटलं, यंदा मंगेशीला जाऊच, पण वाकड्या वाटेनं. जुलैची अखेर धरली, कारण तळावलीचं तवशाचं (काकडीचं) फेस्त, म्हणजे इगर्जीचा सण, तेव्हा असतं. "पावसात म्हातारीला चर्चं दाखवतेस?" एवढं बोलून आत्याने बॅगेत दोन छत्र्या टाकल्या.

शुक्रवार: दिवाडी

करमळीला उतरलो, भाड्याची गाडी ताब्यात घेतली. ओल्ड गोवा स्टेशनला लागूनच. बॉम जेझूस आणि से कॅथेड्रल सगळ्यांनी पाहिलेली असतात, आम्हीही पूर्वी पाहिली होती, म्हणून थांबलो नाही. व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर गेलो आणि फेरीबोटीत गाडी चढवली. मांडवी ओलांडायला फार वेळ लागत नाही, पण पलीकडे दिवाडी बेटावर उतरलं की टुरिस्टांचा गोवा संपलेला असतो. दोन्ही बाजूंना खाजनांची, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनींची, शेतं, बांधांवर बगळे, आणि समोर टेकडीवर पिएदादची इगर्ज.

पावसाळ्यात गोव्यातली इगर्ज पांढरी नसते, हे आधीच सांगून ठेवते. चिऱ्याचा दगड सच्छिद्र, म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा. तो जून-जुलैत शेवाळून काळा-हिरवा पडतो आणि पाऊस सरला की पुन्हा रंग चढतो. कॅलेंडरवरचे शुभ्र फोटो डिसेंबरचे. मला मात्र ही ओली, डागाळलेली भिंत जास्त आवडली. कुठलं पाणी कुठून वाहतं, कुठली कार्निस कशासाठी बाहेर काढली आहे, ते तिच्यावर वाचता येतं.

पिएदादची आजची इमारत अठराव्या शतकाच्या सुरुवातीची. तिचा आराखडा आंतोनियु जुवांव द फ्रियश या गोमंतकीय पाद्रीचा मानतात, आणि ही गोष्ट साधी नाही. इगर्जी गोऱ्या पाद्रींनी बांधल्या असं आपण धरून चालतो. पण सतराव्या शतकाच्या शेवटापासून आराखडे करणारे, मूर्ती कोरणारे, पैसे उभे करणारे बहुतेक इथलेच होते. पैसा यायचा गावकारीतून. गावाची जमीन सामाईक, तिचं उत्पन्न मूळ गावकरी घराण्यांत वाटायचं आणि त्यातूनच गावाचं देऊळ, बांध, तळी चालायची. देवळं गेली तेव्हा त्यांच्या जमिनींचं उत्पन्न इगर्जींकडे वळवलं गेलं. हिशेबाची वही तीच राहिली, खातं बदललं.

आतला उंच सोनेरी आल्तार (वेदी) आत्या बराच वेळ पाहत उभी होती. मग साक्रिस्तांवने (इगर्जीची किल्ली त्याच्याचकडे असते) आम्हाला शेजारच्या सिमितेरकडे पाठवलं. ते चुकवू नका. कबरींच्या मध्ये एक छोटं कोपेल, म्हणजे चॅपेल, आहे आणि त्यात कदंबांच्या काळातल्या देवळाचा भाग शिल्लक आहे. दगडी जाळीपाशी आत्या चष्मा पुसून जवळ गेली. "हा गाभाराच गं," एवढंच म्हणाली.

दिवाडीवरचं मोठं देवस्थान होतं सप्तकोटेश्वराचं, कदंब राजांचं आराध्य दैवत. सोळाव्या शतकात ते देऊळ पाडलं गेलं. लिंग विहिरीच्या कामाला लावलं होतं आणि तिथून ते गुपचूप नदीपार डिचोलीच्या बाजूला नेलं, अशी परंपरेतली कथा. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी करवला. आपण शाळेत हे एका ओळीत वाचतो. दिवाडीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन फेरीबोटीने नार्व्याला उतरलं की त्या ओळीचं अंतर कळतं: एक नदी, तीही काही फार रुंद नाही. या काठाला पोर्तुगीज, त्या काठाला त्यांचा हुकूम चालत नाही. नार्व्याचं देऊळ डोंगराच्या कुशीत, लहानसं. 2023 मध्ये त्याची नीट डागडुजी झाली आहे. आत्याने इथे पहिला नारळ फोडला. संध्याकाळी रायबंदरला मुक्काम.

शनिवार: बारदेश

सकाळी पदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंपू वाजला आणि गरम पोई, म्हणजे गोव्याचा पाव, मिळाली. सोबत पातळभाजी. आत्या शाकाहारी, पण गोव्यात तिची कधी उपासमार झालेली मी पाहिलेली नाही.

धर्मप्रसारासाठी पोर्तुगीजांनी मुलूख पाद्रींच्या पंथांना वाटून दिला होता. बारदेश फ्रान्सिस्कनांकडे, सासष्टी जेझुइटांकडे. बारदेशमधली पहिली इगर्ज 1555 ची, रेईश मागूशची, मांडवीच्या उत्तर काठावर किल्ल्याच्या पायथ्याशी. बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांना ती वाहिलेली आहे. उंच पायऱ्या, दर्शनी भिंतीवर पोर्तुगालचं राजचिन्ह आणि पायऱ्यांपाशी दगडी सिंह. ते सिंह मूळचे देवळातले असावेत, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. 1570-71 च्या विजापूरच्या वेढ्यात गोवा लढवणाऱ्या व्हाइसरॉय लुईश द आताईदची कबरशिळा इथे आहे. 6 जानेवारीला गावातली तीन मुलं राजे होऊन घोड्यावरून मिरवतात. आम्ही गेलो तेव्हा किल्ल्यावर गर्दी होती, इगर्जीत आम्हीच.

साळगावची माय द देवस इगर्ज रस्त्यातच लागते. 1873 ची, निओ-गॉथिक, टोकदार शिखरांची. फोटोत छान येते आणि लोक त्यासाठीच थांबतात. मला तिथे फार वेळ काढावासा वाटला नाही. आतली मूर्ती मात्र जुनी, ओल्ड गोव्याजवळच्या दावजी इथल्या पडक्या कॉन्व्हेंटमधून आणलेली.

म्हापसा आता शहर झालंय, तरी मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे तिथल्या मरियामातेला, डावलून पुढे जाणं आत्याला पटेना. तिला ही गोष्ट ठाऊक होती. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय अशा सात बहिणी, आणि त्यांतली मिराबाय म्हणजेच म्हापशाची मिलाग्रीस. लईराई आणि मिलाग्रीस या बहिणींमध्ये तेल-फुलांची देवघेव चालते असं गावकरी सांगतात, आणि ईस्टरनंतरच्या फेस्ताला हिंदूंचीही रांग लागते. 1594 मध्ये सुरू झालेली ही इगर्ज पुढे 1838 मध्ये आगीत जळली आणि पुन्हा बांधली. आत्याने मेणबत्ती लावली, हात जोडले, काही मागितलंही असावं. मी विचारलं नाही.

तिथून मयडें. बारदेशात एकच गाव पाहायचं असेल तर मी याचं नाव घेईन. 1636 ची निष्कलंक गर्भसंभवाच्या मातेची इगर्ज गावाच्या मानाने अवाढव्य आहे, आणि त्यावरूनच मयडेकरांच्या शहाणपणाच्या गोष्टी गोवाभर सांगितल्या जातात. लोकसंख्या वाढली, इगर्ज अपुरी पडू लागली. मोठी कशी करायची? ढकलून. सगळे पुरुष एका बाजूला जमले. किती सरकते ते कळावं म्हणून दुसऱ्या बाजूला जमिनीवर घोंगड्या अंथरल्या आणि जोर लावला. दरम्यान एका चोराने घोंगड्या पळवल्या. येऊन बघतात तर घोंगड्या नाहीत. म्हणजे इगर्ज त्यांच्यावर सरकली! गाव आनंदाने घरी गेलं. एका पाठभेदात इगर्ज वाढावी म्हणून भोवती शेणखत घालतात.

इगर्जीसमोर भेटलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना आत्याने ही गोष्ट खरी का म्हणून विचारलं. ते न हसता म्हणाले, "बाय, वाडली न्ही?" आणि मागे बोट दाखवलं. वाढलेली तर होतीच. या गावची मोठी केळी प्रसिद्ध आहेत. पावसात मिळतील अशी आशा नव्हती, पण एका घराच्या व्हरांड्यात घड टांगलेला दिसला आणि मालकिणीने आम्हाला त्यातली दिली, पैसे घेतले नाहीत.

हळदोण्याची संत तोमाशची इगर्ज 1596 ची, म्हापसा नदीच्या काठाला. पोहोचेपर्यंत दुपार झाली होती आणि दार बंद. गावच्या इगर्जी बहुतेक सकाळच्या मिससाठी (सामुदायिक उपासनेसाठी) उघडतात, दुपारी बंद असतात, संध्याकाळी पुन्हा उघडतात. सकाळी मिस आटोपून माणसं पांगतात तीच पाहायला जायची खरी वेळ. बाहेरच्या पटांगणात उभं राहून नदी पाहिली. तेवढ्यासाठीही गाव वाईट नाही.

रविवार: तळावली

या दिवसासाठीच तर आलो होतो.

तळावलीची सांता आना ओल्ड गोव्याच्या दक्षिणेला, शेतांच्या मधोमध. वळणावरून ती अचानक समोर येते आणि एवढ्या लहान गावात पाच मजली दर्शनी भिंत कशासाठी, असा प्रश्न पडतो. 1681 ते 1695 अशी चौदा वर्षं ती बांधली गेली. मराठी माणसाच्या डोळ्यापुढे त्या सालांना दुसरंच काही येतं. काम चालू असतानाच, 1683 च्या नोव्हेंबरात, संभाजी महाराजांचं सैन्य इथून जवळच्या जुवें बेटावर उतरलं होतं आणि पुढच्या काही आठवड्यांत सासष्टी आणि बारदेशही त्यांनी झोडपलं. गवंड्यांनी तेव्हा काय केलं असेल? परांची सोडून पळाले असतील की भिंतीवरून पाहत बसले असतील?

युरोपी बरोक शैली गोव्याच्या हातांत पडून काय झाली, ते पाहायचं असेल तर इथेच पाहावं असं अभ्यासक म्हणतात, आणि डोळ्यांनाही ते पटतं. कोनाड्यांच्या माथ्यावर शिंपल्यांचे पंखे, मजल्यामजल्याला कठडे, दोन्ही बाजूंना भक्कम मनोरे. आत गेल्यावर उंची आणि उजेड. भिंती इतक्या जाड आहेत की त्यांच्या पोटातून वाटा काढल्या आहेत. कबुलीजबाब ऐकायला पाद्री भिंतीतूनच आपल्या जागी येऊन बसायचा, लोकांमधून चालायची गरज नाही. आत्याने भिंतीवर हात ठेवून पाहिला आणि म्हणाली, "आत गार असेल नाही?" उन्हाळ्यात नक्कीच असणार.

आना म्हणजे मरियेची आई, येशूची आजी. आख्यायिकेत ती काठी घेतलेल्या म्हातारीच्या रूपात टेकडीवरून उतरताना गावात दिसली. तिचा सण 26 जुलैचा, म्हणून जुलैअखेरचं फेस्त. तेव्हा पावसाळी तवशी शेतात आलेली असतात. मूल हवं असलेली जोडपी तवसं वाहतात आणि पोर्तुगीजमध्ये म्हणतात: सिन्योरा, तोमाय पेपीनु, दाय-मे मेनीनु. बाई, तवसं घ्या, बाळ द्या. ज्या मुलीला नवरा हवा ती उडीद आणते, ज्या मुलाला बायको हवी तो चमचा आणतो. उडीद आणि मारीदु, कुल्येर आणि मुल्येर, असा सगळा यमकाचा हिशेब.

बाहेर तवशांचे ढीग. हिरवी, पिवळट, काही इतकी मोठी की बायका कडेवर घेऊन उभ्या. छत्र्या, चिखल, चण्या-खाज्याची दुकानं, लाउडस्पीकरवर कोंकणी. नवी लग्नं झालेल्या जोड्या थोड्या लाजत, थोड्या हसत रांगेत. त्यांतल्या कितींच्या गळ्यात मंगळसूत्र आणि कितींच्या क्रूस, हे मी मोजायचं ठरवून मोजलं नाही. दोन्ही होत्या. अर्पण झालेली तवशी नंतर लोकांमध्ये फिरतात, आमच्याही हातात एक आलं. आत्याने ते पिशवीत घातलं. "मला आता मेनीनु नको, कोशिंबिरीला होईल."

एका नवविवाहितेच्या सासूने मला विचारलं, "खंयच्यान आयल्यात?" मुंबईहून म्हटल्यावर आत्याकडे पाहून म्हणाली, आमचा मुलगा ठाण्यात आहे, नवस फेडायला आलाय. आत्या आणि ती बाई मग ठाण्याच्या घरभाड्यांवर बराच वेळ बोलल्या.

सोमवार: कुठ्ठाळी, सांकवाळ, लोटली आणि मंगेशी

झुआरी पुलावरून दक्षिणेला उतरलं की कुठ्ठाळी. हीच जुनी कुशस्थळी. आत्याने गाडीची काच खाली केली, पाऊस आत आला तरी वर केली नाही. 1560 मध्ये इथून मंगेशाचं लिंग नदी ओलांडून प्रियोळला नेलं, ते तेव्हा पोर्तुगीजांच्या मुलखाबाहेर होतं. गावची इगर्ज फिलिप आणि याकोब या दोन संतांची, रस्त्यापासून जवळ, शांत. इमारत म्हणून मी आधी पाहिलेल्यांत ती पुढे नाही. पण आत्या पटांगणात छत्री धरून उभी राहिली, इकडे पाण्याची बाजू कुठली, प्रियोळ कुठल्या दिशेला, हे मला विचारून घेतलं आणि मग म्हणाली, "चल, झालं."

सांकवाळ तिथून जवळच. इथून लक्ष्मीनृसिंह वेलिंगला गेला. मागे आलेल्या आरोग्यमातेच्या 1606 च्या इगर्जीचं 1834 मध्ये आगीत सगळं गेलं, राहिली फक्त दर्शनी भिंत. रानात ती एकटी उभी आहे, खांब, कोनाडे, कमान सगळं जागच्या जागी आणि मागे झाडं. गोव्यातल्या बाकी अवशेषांपेक्षा हीच मला जास्त बोलकी वाटली, कारण मागचं काही नसल्यामुळे भिंतीची कारागिरी सलग दिसते.

वेर्ण्याला फार थांबलो नाही, औद्योगिक वसाहतीच्या ट्रकांनी रस्ता भरलेला होता. म्हाळसा इथून म्हार्दोळला गेली.

लोटली हे मात्र अजून गाव आहे. साल्वादोर दु मुंदुची, म्हणजे जगत्तारकाची इगर्ज, समोर चौक, आसपास ऐसपैस जुनी घरं. त्यांतल्याच एका घरात व्यंगचित्रकार मारियु मिरांडा राहत. इथला रामनाथ बांदोड्याला गेला. राशोलच्या किल्ल्याचा कप्तान दियोगु रोद्रिगीश याने 1566 मध्ये लोटलीचं देऊळ जाळलं आणि पुढच्या वर्षी सासष्टीभर तेच केलं. हे त्या इगर्जीच्या दारात उभं राहून आठवणं अवघड जातं, कारण दारात उभे असलेले लोक तुम्हाला चहा विचारत असतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगितल्या पाहिजेत.

बोरीचा पूल ओलांडून संध्याकाळी मंगेशीला. सोमवारी पालखी असते. 1739 मध्ये सरदार रामचंद्र मल्हार सुखठणकरांच्या शब्दावरून पेशव्यांनी मंगेशी गाव देवस्थानाला दिलं, कवळ्याचं देऊळही साधारण त्याच वेळी शाहू महाराजांच्या दरबारातल्या नारो राम मंत्र्यांनी उभं केलं. म्हणजे आज आपण पाहतो ती देवळं अठराव्या शतकातल्या मराठी सत्तेच्या आधाराने उठली. पण ती बांधली कुणी? त्याच मुलखातल्या गवंड्यांनी, ज्यांच्या बापजाद्यांनी पलीकडे इगर्जी बांधल्या होत्या.

पालखी यायच्या आधी दीपस्तंभापाशी उभी असताना आत्याने माझा दंड धरला. "ते बघ. तळावलीच्या खिडक्या." खरंच. अष्टकोनी घुमट, अर्धगोल कमानींच्या खिडक्या, मजल्याला कठडा, भिंतीत अर्धे खांब. मजले चढवलेला दीपस्तंभही घंटेच्या मनोऱ्याच्या घडणीचा. महाराष्ट्रातल्या घाटावरच्या देवळात यातलं काही नसतं. तिकडे इगर्जींच्या आल्तारांवर इथल्या कारागिरांनी कमळं कोरली आणि इकडे देवळांवर त्यांनी इगर्जीचे घुमट चढवले. आत्या इतकी वर्षं या अंगणात उभी राहिली आहे. तिला ते आज दिसलं, कारण आदल्याच दिवशी तिने दुसरं टोक पाहिलं होतं. पालखी आल्यावर ती अर्थात सगळं विसरली.

मंगळवार: राशोल, राय, कुडतरी, चांदर

देवळाच्या अग्रशाळेतून (धर्मशाळेतून) सकाळीच निघून पुन्हा बोरी पूल. राशोलची सेमिनरी 1610 ची, जुन्या किल्ल्याच्या जागेत. ही पाद्री घडवणारी संस्था आहे, पर्यटनस्थळ नव्हे, म्हणून दारावर विचारलं आणि एका तरुण विद्यार्थ्याने आत सोडलं. मराठी वाचणाऱ्याने राशोलला यायलाच हवं. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला, राशोलच्या कॉलेजचा रेक्टर झाला आणि येशूची कथा ओव्यांत बांधली. ख्रिस्तपुराणाच्या सुमारे 11,000 मराठी ओव्या 1616 मध्ये राशोलच्याच छापखान्यात रोमन लिपीत छापल्या गेल्या. देवळं गेल्यावर पुराण ऐकायची सवय असलेल्या गावाला पुराणच द्यायचं, हा हिशेब बरोबर निघाला. इगर्जींतून ते वाचलं जायचं. त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज हाती नाही.

शेजारच्या राय गावची इगर्ज हिममातेची. रोममध्ये ऐन ऑगस्टात बर्फ पडल्याच्या चमत्कारावरून आलेलं हे नाव, सण 5 ऑगस्टचा. बर्फ इथे कुणी पाहिलेला नाही, पण तारीख भाताला सोयीची. त्या दिवशी शेतात पाद्री पहिली कणसं आशीर्वाद देऊन कापतो आणि वाजतगाजत इगर्जीत आणतो. कोणसांचं हे फेस्त गोव्यात सर्वांत आधी रायला होतं. हिंदू घरांत गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी नव्याची पंचम, तीही कणसांचीच. पटांगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते.

कुडतरीची संत आलेक्सची इगर्ज 1597 ची आणि तिच्यासमोर तळं. सासष्टीचं भाताचं कोठार म्हणजे कुडतरी, आणि ते कोठार अशा तळ्यांवर चालतं. लावणी संपत आली होती. या गावाबद्दल मला जास्त लिहायचं नाही, तिथे बसायचं असतं. आम्ही बसलो, भिजलो, पुन्हा बसलो.

चांदरला दुपार. हे कदंबांचं चंद्रपूर. 1929 मध्ये फादर हेरास यांनी इथे उत्खनन केलं, मस्तक तुटलेला नंदी त्या जागी आहे. बेथलेहेमच्या मातेची इगर्ज 1645 मध्ये सुरू झालेली, मोठ्या चौकात, समोर ब्रागांझांचा लांबच लांब वाडा. तो सगळे पाहतात. चांदरला यायचं ते खरं कार्निव्हालच्या सोमवारी. इथले ख्रिस्ती गावकार हातात मुसळं घेऊन घरोघर नाचतात. हा मुसळखेळ विजयनगरच्या राजाच्या विजयाची आठवण म्हणून खेळतात. चंद्रपूर गेलं, विजयनगर गेलं, पोर्तुगीजही गेले, खेळ चालू आहे.

बुधवार: कुंकळ्ळी, फातर्पा, बाणावली

कुंकळ्ळीला आरोग्यमातेची इगर्ज आहे आणि गावात दोन स्मारकं आहेत. 15 जुलै 1583 रोजी नवी इगर्ज उभारण्यासाठी आलेल्या पाच जेझुइटांना गावकऱ्यांनी ठार केलं. त्यांत रुदोल्फो आक्वाविवाही होता, नुकताच अकबराच्या दरबारातून परतलेला. पुढे बोलणी करायला म्हणून गावच्या सोळा नायकांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि मारलं. एकजण तेवढा साळ नदीत उडी टाकून निसटला. पाद्रींचं स्मारक एक, नायकांचं एक. दोन्ही पाहावीत, आणि लागोपाठ पाहावीत.

इथली शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण डोंगरापलीकडे फातर्प्याला गेली. पुजाऱ्यांनी सांगितलं की शिगम्यात बारा वांगडांची (गावकार घराण्यांच्या गटांची) बारा छत्रं घेऊन देवी गुलाल उधळत कुंकळ्ळीला जुन्या जागी जाते. ख्रिस्ती घरांतले वांगडी त्या वाटेवर उभे असतात. आत्याने तिथी विचारून घेतली.

मडगावची गाडी संध्याकाळची, म्हणून बाणावलीला वळलो. टेकाडावरची संत जुवांवची इगर्ज, 1596 ची. इथे 1651 मध्ये जुझे वाझ नावाच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला. तो पुढे पाद्री झाला आणि 1687 मध्ये भिकाऱ्याच्या वेषात श्रीलंकेत उतरला. तिथे डचांचं प्रोटेस्टंट राज्य, कॅथलिक पूजेला बंदी. त्याने रात्री, लपून, घरोघर मिस सांगितली. आत्या नदीपार नेलेल्या लिंगांच्या गोष्टी ऐकत वाढलेली. तिने ही गोष्ट फार लक्ष देऊन ऐकली आणि विचारलं, "मग सापडला का?"

सापडला. कँडीच्या राजाने पोर्तुगीजांचा हेर समजून त्याला कैदेत टाकलं. राजा बौद्ध होता. काही वर्षांनी त्याची खात्री पटली आणि त्याने वाझला मोकळेपणी उपासना करू दिली. वाझ 1711 मध्ये कँडीतच वारला आणि 2015 मध्ये कोलंबोत त्याला संतपद मिळालं.

"राजा बरा होता म्हणायचा," आत्या म्हणाली, आणि साक्रिस्तांवला विचारायला गेली की या इगर्जीत पैसे टाकायची पेटी कुठे असते.